गाडीला न चालणारे पाणी

डोळे मिटा बघू. अगदी घट्ट. एक डोळा किलकिला ठेवून चालणार नाही.

आता असे समजा की तुम्ही एका मोठ्या मालट्रकच्या केबिनमध्ये बसला आहात. किती उंच! रस्त्यावरच्या मोटारी खाली खेळण्यांसारख्या दिसताहेत. समोर भली मोठी काच आणि काचेतून मे महिन्याचे ऊन थेट तुमच्या मांडीवर आलेले. खाली इंजिन धडधडते आहे, त्याची धग तळपायाला लागते आहे. घसा कोरडा पडला आहे. आणि हाताशीच, सीटच्या मागे, स्वच्छ पाण्याने भरलेला कॅन आहे.

काय कराल? प्याल ना?

आपल्या गोष्टीतले कडुबा मात्र पीत नसत. का पीत नसत आणि त्या पाण्याचे काय होत असे, तीच तर गोष्ट आहे. उघडा आता डोळे, नाहीतर वाचणार कसे?

कडुबा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवत. छत्रपती संभाजीनगरहून माल भरला की सोलापूर, बेंगळुरू करत थेट चेन्नई, आणि तिकडून दुसरा माल घेऊन परत. घर मुकुंदवाडीत. घरी बायको आणि सहावीतून सातवीत गेलेली मुलगी, रूपा.

ट्रक त्यांचा स्वतःचा नव्हता, मालक होते तात्यासाहेब. पण कडुबा त्या ट्रकची जी काळजी घेत, ती पाहून कुणालाही वाटावे की हा यांच्या घरचाच कुणी आहे. निघण्याआधी ते लोखंडी दांडक्याने एकेक टायर ठोकून बघत. ‘टण्’ असा आवाज आला की हवा बरोबर. ‘भद्द’ आला की कमी. मग ऑइल बघायचे, पट्टे बघायचे, रेडिएटरचे पाणी बघायचे. रेडिएटर म्हणजे ट्रकच्या तोंडाशी असलेली जाळी. तिच्यातून पाणी फिरते, म्हणून इंजिन तापत नाही. कुठल्याही पंपावर डिझेल भरायचे नाही, ठरलेल्याच पंपावर भरायचे.

“गाडीच्या पोटात वाईट गेलं की गाडी रस्त्यात बसती,” असे ते रूपाला सांगत.

आणि त्यांच्या स्वतःच्या पोटात काय जाई? सकाळी चहा आणि खारी. मग चहा. मग वेफरचा पुडा आणि बाटलीतले थंड, गोड, फेसाळ पेय. दुपारी ढाब्यावर लाल तर्रीचा रस्सा, लोण्यात बुडालेली डाळ, वर लोणचे. मग डोळे पेंगायला लागत, म्हणून परत चहा. पाणी चूळ भरण्यापुरते.

यामुळे एक दिवस कडुबाच रस्त्यात बसले.

चेन्नईहून परत येताना, गेवराई मागे पडल्यावर, त्यांच्या कमरेत अशी कळ आली की स्टिअरिंगवरचे हात सैल पडले. कसाबसा ट्रक बाजूला घेतला. सोबत त्यांचे जोडीदार रामकिसन होते. लांबच्या गाडीवर दोघे जण आळीपाळीने चालवतात. रामकिसन अंगाने गोल, स्वभावाने हसरे, आणि तर्रीचे तर कडुबांपेक्षाही मोठे भक्त. पण त्या दिवशी त्यांचे हसू पळाले. कडुबांना बाजूच्या सीटवर आडवे करून त्यांनी ट्रक घरापर्यंत आणला.

क्रांती चौकाजवळ डॉ. अमृता यांचा दवाखाना आहे. तिथे सोनोग्राफी झाली. रूपा हट्टाने सोबत गेली होती.

“मुतखडा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तुरीच्या डाळीएवढा. दादा, दिवसाला पाणी किती पिता?”

“पितो की.”

“किती?”

कडुबांनी रूपाकडे पाहिले. मग छताकडे पाहिले. “चहा धरून?”

“चहा सोडून.”

“मग... नसल्यातच जमा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “का हो?”

“मॅडम, पाणी प्यालं की उतरावं लागतं,” कडुबा म्हणाले. “उतरायचं म्हंजे भरलेली गाडी कडंला घ्या. तिकडं जागा नाय. जागा गावली तर ट्रॅफिकवाला शिट्टी मारतो. तो नसला तर कुणी ताडपत्री कापून माल काढतो. त्यापरीस न पिलेलं बरं.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, कारण त्यांना ते पटले. “तुमची अडचण खरी आहे. पण खड्याला ते कळत नाही ना. तो लहान आहे तोवर पाण्याने वाहून जाईल. भरपूर प्या, दिवसभर थोडे थोडे. लिंबू पिळून प्यायलात तर आणखी चांगले. वेफर, लोणचे, पापड बंद. डाळीवरचे लोणी बंद. घरची भाकरी, उसळ, काकडी, केळे खुशाल खा. महिन्याभराने परत बघू. खडा गेला तर उत्तम. वाढला तर ऑपरेशन करावे लागेल, आणि मग बरेच दिवस गाडीला हात लावायचा नाही.”

हे शेवटचे वाक्य कडुबांना सगळ्यात जास्त दुखले. कारण तात्यासाहेबांनी नवा ट्रक घेतला होता. अजून तो बॉडी बांधणाऱ्याकडे होता, पण त्याची गार हवेची केबिन कडुबा दोनदा जाऊन पाहून आले होते. सीटवर बसून आले होते. घरी येऊन रूपाला सांगितले होते, “असा गिअर पडतो रूपे, लोण्यात बोट घातल्यावानी.”

तात्यासाहेबांनी दवाखान्याचे ऐकले आणि सरळ सांगितले, “कडुबा, नवी गाडी तुझीच, हे माझं ठरलेलं होतं. पण चालता चालता तुला कळ आली तर गाडी जाईल ती जाईल, माणूस जाईल त्याचं काय? डॉक्टरीणबाई खडा साफ झाला म्हणल्या तरच किल्ली. नायतर मला दुसरा माणूस बघावा लागंल. वाईट वाटून घेऊ नको.”

कडुबा वाईट वाटून घेत नाही म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा पहिलाच तुकडा बराच वेळ ताटात फिरवला, ते रूपाने पाहिले. तिने मनाशी ठरवले. त्या किल्लीवर दुसऱ्या कुणाचा हात पडू द्यायचा नाही.

आता मुकुंदवाडीतल्या पाण्याचे सांगतो. त्यांच्या गल्लीत नळ रोज येत नाही. येतो तेव्हा सगळी गल्ली जागी होते. हंडे, टाक्या, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायची. भांडे विसळलेले पाणी झाडाला जाते, झाडाखालचे कोंबडी पिते. त्या घरात पाण्याचा थेंब जमिनीवर सांडला तर सगळे एकदम “अगंऽ” म्हणतात.

अशा घरातून रूपाच्या आईने गाळून घेतलेल्या पाण्याचा मोठा पांढरा कॅन भरला. डब्यात ज्वारीच्या भाकरी, मटकीची सुकी उसळ, शेंगदाण्याची चटणी, काकड्या. फुटाण्यांची पिशवी वेगळी.

“हे प्यायचं पाणी हाय,” आई म्हणाली. “शेजारच्या पाहुण्याला पण दिलं नाय मी यातलं.”

“बघ रे रामकिसन,” कडुबा हसले, “आता काकड्या खात खात गाडी हाणायची.”

“उस्ताद, मला काय धाक नाय,” रामकिसन म्हणाले. “खडा तुमच्यात हाय. मी आपला रस्सा खाईन.”

फेरीहून परत आल्यावर रूपाने सगळ्यात आधी कॅन उचलला. हलका!

“पप्पा, संपलं?”

“संपलं की. थेंब नाय ऱ्हायला.”

रूपा आनंदाने नाचली. आईने दुसऱ्या फेरीला परत कॅन भरला. तोही रिकामा आला. “संपलं?” “संपलं!”

पण रूपाचे डोळे चौकस होते. पप्पांचे ओठ फुटलेले होते, आधीपेक्षा जास्तच. केबिनमधून उतरताना ते अजून कमरेला हात लावत होते. एवढे पाणी प्यालेल्या माणसाचे ओठ असे कसे फुटतात? तिला कोडे पडले, पण तिने पप्पांना काही विचारले नाही. पाणी संपले आहे म्हटल्यावर विचारणार तरी काय?

मग एका रविवारी कडुबा म्हणाले, “वैजापूरला कांदा भरायचाय, तिकडून परत इकडूनच चेन्नईला जायचं. संध्याकाळी तुला घरी सोडीन. येतीस का?”

हे विचारायची गरजच नव्हती. रूपा आधी केबिनमध्ये, चपला नंतर.

पडेगाव गेले, मिटमिटा गेले. रिकामा ट्रक उड्या मारत चालला होता आणि रूपा सीटवर उड्या मारत होती. रामकिसन तिला गाण्याच्या भेंड्यांत हरवायचा प्रयत्न करत होते आणि स्वतःच हरत होते. कडुबा मध्येच खारी तोंडात टाकत. रूपा सीटमागच्या कॅनकडे बघे, मग पप्पांकडे बघे. कॅनला हात लागत नव्हता.

“पप्पा, पाणी देऊ?”

“नंतर, माय. आताच तर निघालो.”

लासूर स्टेशन जवळ आले तसा काट्याने डोके वर काढले. इंजिन तापल्याचे दाखवणारा काटा. कडुबांनी ट्रक एका मोठ्या कडुलिंबाच्या झाडाखाली घेतला. शेजारीच लिंबू सरबताची गाडी होती. रामकिसन तिकडे पळाले आणि तिघांसाठी सरबत सांगून आले.

“जुना रेडिएटर, गळतो थेंब थेंब,” कडुबा म्हणाले. “जरा निवू दे.”

थोड्या वेळाने त्यांनी झाकणावर फडके धरून ते हळूच फिरवले. फुस्स करून वाफ निघाली. मग ते केबिनमध्ये चढले, सीटमागचा पांढरा कॅन काढला, आणि रूपाच्या डोळ्यांदेखत आईने गाळलेले ते पाणी रेडिएटरमध्ये ओतायला लागले.

गटगट, गटगट. ट्रक प्यायला, प्यायला, प्यायला.

“पप्पाऽ!”

कडुबा दचकले. कॅन तसाच हातात.

“हे तुमचं पाणी हाय!”

“अगं हो, पण गाडी तापली ना...”

“दर वेळंला असंच?”

कडुबांनी रामकिसनकडे पाहिले. रामकिसन सरबतवाल्याकडे बघू लागले, जणू काही तिथे सिनेमा चालू आहे.

“आता तुला काय सांगू रूपे,” कडुबा समजावू लागले, “बोअरचं पाणी गाडीला चालत नाय. क्षार असतो. जाळीत पांढरा थर धरतो, खडेच होतेत म्हण. मग पाणी फिरत नाय. घरचं पाणी कसं, गाळीव, हलकं. गाडीला लई मानवतं.”

“गाडीत खडा होऊ नाय म्हणून घरचं पाणी,” रूपा म्हणाली. तिचा आवाज चढला. “आन् तुमच्यात झाला त्याचं काय?”

रामकिसनना इतके हसू आले की त्यांना झाडाला टेकावे लागले. “उस्ताद! पोरीनं पंक्चर केलं!”

कडुबाही हसले, पण ते हसू अर्धेच होते. “संपलं म्हणलो ते खोटं नव्हतं,” ते पुटपुटले. “संपलंच होतं.”

इतक्यात सरबतवाल्याने गार ग्लास रूपाच्या हातात आणून दिला. रूपाच्या डोळ्यांत पाणी, हातात सरबत, डोक्यात राग. ती तरातरा ट्रकच्या तोंडाशी गेली आणि ग्लास रेडिएटरच्या तोंडावर धरला.

“मग हे पण ओतते! गाडीलाच पाजा सगळं!”

“ए, ए, ए!” कडुबांनी अशी झेप घेतली की त्यांच्या पायातली एक चप्पल मागे राहिली. त्यांनी रूपाचा हात वरच्या वर धरला. “येडी झालीस का? लिंबाचं आंबट पाणी रेडिएटरात? जाळी खाऊन टाकील ते! कुठल्या डायवरनं असं केलेलं ऐकलंस?”

“नाय चालत?”

“कधीच नाय! मरंल पण डायवर गाडीत लिंबू नाय घालणार.”

रूपाचा राग एकदम थांबला. तिने ग्लासाकडे पाहिले. मग पप्पांकडे पाहिले. मग शांतपणे ग्लास त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “बरं. मग तुम्हीच प्या.”

कडुबा सुटका झाल्यासारखे एका दमात प्यायले. वैजापूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या चढत होत्या तेव्हाही रूपा गप्पच होती. परतीच्या वाटेवर तिने भेंड्यासुद्धा खेळल्या नाहीत. रामकिसन दोनदा म्हणाले, “पोरगी रुसली.” पण ती रुसलेली नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच हसत होती.

मुकुंदवाडीला पोचल्यावर तिने पप्पांना हातपाय धुवायला बसवले आणि आईला स्वयंपाकघरात ओढून नेले. आतून कुजबुज ऐकू आली. मग चिरल्याचा आवाज. मग आईचे हसणे.

थोड्या वेळाने दोघी दोन कॅन घेऊन आल्या. एक नेहमीचा पांढरा, एक जुना निळा.

“निळा गाडीचा,” रूपा म्हणाली. “गाडीला उपाशी ठेवायचं नाय. पांढरा तुमचा.”

“शहाणी माझी माय,” कडुबा म्हणाले. त्यांनी दोन्ही कॅन केबिनमध्ये ठेवले, लोखंडी दांडके घेतले, टायर ठोकले, आणि भोंगा वाजवून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“रूपे! पाण्यात काय घातलंस तू?”

“लिंबू,” रूपा म्हणाली. “डॉक्टर मॅडम म्हणल्या होत्या ना.”

“अगं, निळा कॅन सोलापूरच्या अलीकडंच संपला! आन् मग पांढऱ्यातलं घ्यावं म्हणून झाकण उघडलं तर सगळी केबिन लिंबाच्या वासानं भरली!”

“मग गाडीला द्या.”

“गाडीला नाय चालत! तुला म्हाईत हाय ते!”

मागून रामकिसनच्या हसण्याचा आवाज येत होता. “उस्ताद, सांगा तिला! कॅन मांडीवर घेऊन बसलोय म्हणावं!”

“मग गाडीचं पाणी कुठून घेतलं?” रूपाने काळजीने विचारले.

“पंपावर फिल्टरचं मिळालं, निळा भरून घेतला. गाडीची काळजी नको. पण याचं काय करू?”

“सांडून टाका,” रूपा म्हणाली. अगदी भोळ्या आवाजात.

मुकुंदवाडीचा माणूस, नळाच्या दिवशी गल्लीसोबत उठणारा. त्याला भरला कॅन रस्त्यावर ओतायला सांगणे म्हणजे काय!

“हात धजंल का माझा?” कडुबा म्हणाले.

“मग राहिलं काय?”

फोनमधून फक्त झाकण फिरल्याचा आवाज आला, आणि मग गटगट, गटगट. या वेळी ट्रक पीत नव्हता.

“आंबट हाय लई,” ते म्हणाले. “ना साखर ना मीठ.” आणि मग, थोड्या वेळाने, “गार वाटलं पण.”

संध्याकाळी परत फोन आला. या वेळी तक्रार वेगळी होती. “तू म्हणलीस पी. पिलो. आता उतरावं लागतंय त्याचं काय?”

रूपाने याचा विचार आधीच करून ठेवला होता. वैजापूरच्या वाटेवर ती उगाच गप्प बसली नव्हती. “पप्पा, तुम्ही टायर ठोकायला उतरता ना?”

“उतरतो की. उन्हाळ्यात टायर तापतेत. दोनतीन तासानं बघावेच लागतेत.”

“मग तेव्हाच जायचं. टोलनाक्याजवळ थांबा, तिथं जागा असती, उजेड असतो, बाथरूम असतं. आधी तुम्ही जाऊन या, मग टायर ठोका, मग वर चढायच्या आधी ग्लासभर प्या.”

“म्हंजे टायरासंगट मला पण तपासायचं?”

“व्हय.”

“रामकिसन,” कडुबांनी मागे वळून सांगितले, “आपल्याला मालकीण भेटली.”

त्या फेरीत आणखीही काही घडले, ते रामकिसननी नंतर अंगणात बसून सगळ्यांना करून दाखवले. ढाब्यावर कडुबांनी बिनालोण्याची डाळ मागितली तेव्हा ढाबेवाला म्हणाला, “उस्ताद, तबियत ठीक है ना?” भाकरी, उसळ, कांदा, काकडी खाल्ल्यावर दुपारची झोप आलीच नाही, तर कडुबा गोंधळून गेले. ‘आज झोप कुठं राहिली?’ म्हणून दोनदा विचारले. पुढे रामकिसनना त्या काकडीचा मोह झाला. मग उसळीचा. शेवटी पांढऱ्या कॅनवरून दोघांची भांडणे होऊ लागली.

“‘रामकिसन, ते माझं औषध हाय!’ ‘उस्ताद, एक घोट!’ ‘तुझ्यात कुठं खडा हाय?’ ‘होईल की!’” रामकिसन दोन्ही आवाज काढत होते आणि रूपाची आई पदर तोंडाला लावून हसत होती. “वहिनी, पुढच्या खेपंला माझा पण कॅन भरा. नायतर यांनी कॅनला कुलूप लावलं तरी मी तोडीन.”

पुढच्या फेऱ्यांना पांढरे कॅन दोन झाले. रूपाने गल्लीतल्या मावशींकडून लिंबे आणली. कडुबांचे ओठ गुलाबी दिसू लागले. ट्रकमधून उतरताना ते उडी मारू लागले, आणि एकदा उडी मारून झाल्यावर स्वतःच चकित होऊन उभे राहिले.

पण खडा? तो तर बाहेरून दिसत नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी ते क्रांती चौकात गेले तेव्हा रूपाही हट्टाने सोबत गेली. कडुबा टेबलावर आडवे झाले. डॉ. अमृतांनी यंत्र फिरवले. इकडे फिरवले. तिकडे फिरवले. कपाळाला आठी घातली. परत फिरवले.

“काय झालं मॅडम?” कडुबांनी मान उचलून विचारले. “वाढला का?”

“शोधते आहे.”

“काय?”

“खडा. सापडत नाही.”

कडुबा उठूनच बसले. “यंत्र नीट हाय ना?”

“यंत्र नीट आहे. खडा नाही. गेला वाहून.” डॉक्टर आता हसत होत्या. “कुठल्या तरी टोलनाक्यावर तुम्ही त्याला सोडून आलात. पण दादा, पाणी सोडायचे नाही हं. सोडलेत की तो नवा होऊन परत येईल. काय केलेत एवढे?”

कडुबांनी रूपाच्या डोक्यावर हात ठेवला. “मी काय करतोय? मला अशा पाण्यात पकडलं हिनं, की ते गाडीला चालंना आन् सांडवंना.”

डॉक्टरांना हे नीट कळले नाही, म्हणून रूपाने ते सगळे सांगितले, सरबताच्या ग्लासापासून. बाहेर थांबलेले दोन रोगीही आत डोकावून ऐकू लागले.

नवा ट्रक बीड बायपासला उभा राहिला तो झेंडूच्या माळा घालूनच. तात्यासाहेब पांढऱ्या टोपीत, हातात किल्ली आणि एक पिशवी. पिशवीत पिवळे धमक लिंबू, हिरव्या मिरच्या आणि दोरा. नवी गाडी म्हटल्यावर तोंडाशी लिंबू-मिरची बांधायची, हा त्यांचा रिवाज.

“घे कडुबा,” त्यांनी किल्ली पुढे केली. “तुझीच होती, तुझीच राहिली.”

कडुबांनी किल्ली घेतली आणि कपाळाला लावली. रामकिसननी नाक शिंकरले आणि नाकात धूळ गेली म्हणाले. मग कडुबांनी नव्या टायरवर पहिले दांडके हाणले. टण्!

“टायर झाले,” रामकिसन ओरडले. “आता उस्तादांना तपासा!”

रूपा पांढरे कॅन घेऊन पुढे आली. पण घरी आज गडबडीत लिंबे पुरी पडली नव्हती, एका कॅनला कमीच पडली होती. नव्या ट्रकचा रेडिएटर गळत नव्हता, हे खरे. तरी पप्पांचा काय भरवसा!

तात्यासाहेब दोरा ओवायला सुई शोधत खिसे चाचपत होते. त्यांच्या उघड्या पिशवीतले लिंबू उन्हात चमकत होते.

“तात्या,” रूपा म्हणाली, “गाडीला मिरच्या पुरतील ना?”

“का गं पोरी?” तात्यासाहेबांनी मान वर केली.

तोवर रूपाने लिंबू उचलले होते, धुतले होते, पूजेच्या ताटासोबत आईने आणलेल्या सुरीने त्याच्या दोन फोडी केल्या होत्या, आणि तात्यासाहेब पोट धरून हसत असताना ती दोन्ही फोडी पप्पांच्या कॅनमध्ये शेवटच्या थेंबापर्यंत पिळत होती.